मे महिन्यातला स्वेटर

घुग्घुसच्या आमच्या क्वार्टरला खिडक्या होत्या, पण त्या उघडायच्या असतात हे मला मामाच्या गावाला गेल्यावर कळलं. आमच्याकडे त्या बारा महिने बंद. फटींना चिकटपट्टी, चिकटपट्टीवर जुन्या साडीच्या चिंध्या, आणि दाराच्या उंबऱ्याशी ओलं पोतं. एवढा बंदोबस्त करूनही सकाळी गादीवरची चादर झटकली की काळी भुकटी उडायचीच. आई म्हणायची, "लोकं घरात झाडू मारतात, मी खदान चालवते घरात." बाबा कोळशाच्या खुल्या खाणीत डंपर चालवायचे. शिफ्टवरून आले की त्यांचे फक्त डोळे आणि दात ओळखीचे वाटायचे, बाकीचा माणूस आंघोळीनंतर परत मिळायचा. दुपारी खाणीत ब्लास्टिंग झालं की जमीन हलायची आणि मांडणीवरची भांडी खुळखुळायची. आई त्या वेळी जे काही करत असेल ते न थांबवता एक हात वर नेऊन तेलाचा डबा धरायची. पाहुणे असले तर ते भूकंप आला म्हणून अंगणात पळायचे, आणि आम्ही भावंडं त्यांना हसायचो. आता मी गडचिरोलीला राहते. इथे खिडक्या उघड्या असतात आणि भांडी जागच्या जागी राहतात, पण दुपारी अजूनही माझा कान कशाची तरी वाट बघतो.

आम्ही दोघं. नितीनदादा थोरला, मी वंदना, घरात वंदू. दादाला सिकल होता. आमच्या भागात 'सिकल' एवढंच म्हटलं तरी पुरतं, पुढचं माणूस आपोआप समजून घेतं आणि आवाज खाली आणतं. दूरच्यांसाठी सांगते. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे असं दुखतं की चांगला पुरुष गडी जमिनीवर लोळतो. हा आजार आईबापाकडून येतो. आईबाबांच्या लग्नात पत्रिका नीट जुळवून घेतली होती म्हणे, गुण छान जुळले होते. रक्त कोणी जुळवलं नाही. दोघांच्याही अंगात तो अर्धा अर्धा होता, दोघंही ठणठणीत, कोणाला पत्ता नाही. मला अर्धा आला. दादाला दोन्हीकडून मिळून पुरा आला. पुढे मला बघायला लोक आले तेव्हा पोहे द्यायच्या आधीच मी मुलाला विचारलं, "रक्त तपासलं आहे का?" त्याच्या आईच्या हातातला कप तसाच राहिला. ते स्थळ गेलं. जाऊ दे, असली स्थळं गेलेलीच बरी.

दादाचा आजार म्हणजे घरातला कायदाच होता. थंडी नको, ऊन नको, पळणं नको, भिजणं नको, आणि पाणी भरपूर प्यायचं. "पाणी पी" हे वाक्य आमच्या घरात दिवसभर कोणी ना कोणी म्हणत असायचं. शेजारची काकू अंगणातून जाता जाता म्हणायची, बाबा डबा घेऊन निघताना म्हणायचे. आईचं माहेर सिंदेवाहीकडचं, धानाच्या पट्ट्यातलं, त्यामुळे ताटात भात हवाच. पण दादासाठी ती लाखोरीच्या डाळीत पालक घालायची, जवसाच्या चटणीबरोबर बीट किसून ठेवायची. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढतं असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. दादाला बीट पाहिलं की मळमळायचं. तरी तो खायचा, कारण नाही म्हटलं की आईचा चेहरा बघवत नसे. क्रिकेटमध्ये पोरं त्याला अंपायर करायची, तेही निंबाच्या सावलीत खुर्चीवर बसवून. पुढे त्याच्या डाव्या खुब्याचं हाड रक्त न पोचल्याने झिजलं आणि तो लंगडायला लागला. मग अंपायरपणही गेलं, कारण बॉल सावलीकडे आला तर त्याला हलता येत नव्हतं.

त्याला जे जमलं ते बसून जमण्यासारखं होतं. बसस्टँडजवळ एक नेट कॅफे होता, तिथे तो पहिल्यांदा गेमला बसला आणि महिनाभरात तिथल्या सगळ्या पोरांना धूळ चारायला लागला. तो बंदुकीचा, पाच जणांच्या टीमचा खेळ होता. समोर कोण कुठून येणार हे दादाला आधीच कसं कळायचं देव जाणे. मी त्याच्या मागे उभी राहून बघायची तर मला फक्त भिंती दिसायच्या. तो म्हणायचा, "लहानपणापासून बसून बसून लोकांले पाह्यतच आलो ना मी. पोरं कुठी पळतात, कवा पळतात, मले सारं ठाऊक हाय." नागपूर, अकोला, रायपूरच्या चार पोरांनी त्याला आपल्या टीममध्ये घेतलं. त्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. उन्हाळ्यात एक मोठी स्पर्धा होती, पहिल्या फेऱ्या घरूनच खेळायच्या. कॅफेतला कॉम्प्युटर, दादाच्या भाषेत मशीन, ऐन वेळी अडकायचा. दादाला स्वतःचं मशीन हवं होतं, आणि तेही कॅफेवाल्यासारखं कामचलाऊ नाही, खास हे खेळ खेळण्यासाठीच बनतं तसं.

तयार डबा विकत आणायचा नव्हता. एक एक भाग निवडायचा आणि आपण जोडायचा. त्या हिवाळ्यात दादा दुखण्यातून उठला की तेवढंच वाचायचा, तेवढंच बोलायचा. जेवताना ताटात भात कालवता कालवता मला सांगायचा की मदरबोर्ड चुकला तर बाकी सगळं मातीत, आणि एसएमपीएस म्हणजे वीज वाटणारा डबा स्वस्तातला घेणारे लोक मूर्ख असतात, कारण आपल्याकडे लाईनीचा भरवसा नाही. मला त्यातलं अर्धं समजायचं नाही, पण मी हो हो करायची, कारण इतर वेळी त्याच्याशी होणारं बोलणं म्हणजे 'कुठे दुखतं' आणि 'किती दुखतं' एवढंच असायचं. खाणीतल्या पगारात बाबांना खर्चाची भीती नव्हती. त्यांना भीती होती ती आपल्याला न समजणाऱ्या गोष्टीची. एका रविवारी त्यांनी दादाला समोर बसवलं.

"हं, समजाव मले. हे प्रोसेसर काय हाय?"

"इंजिन समजा, बाबा. आन् ग्राफिक्स कार्ड म्हणजे डंपरचा हौदा. इंजिन कितीबी ताकदीचं असू द्या, हौदा बारका असन तं माल कमीच निघीन."

"मंग हौदा मोठाच घे ना बे."

"मोठा घेतला तं गरम लय होते."

बाबा एवढे खूश झाले की मांडीवर थाप मारली. "गरम तं होईनच! आमचंही होते. रेडिएटर कायले असते मंग? पाणी फिरव त्यात."

"असते ना तसं. पाण्याचं कूलिंग असते यालेबी."

त्या दिवसापासून बाबा त्या मशीनचे झाले. त्यांना वाटलं, पोरगा आपल्याच धंद्यातलं काहीतरी करतो आहे. खाणीच्या गॅरेजमध्ये भंगारात पडलेली एक डंपरची ऑपरेटर सीट त्यांनी साहेबांना विचारून आणली, खाली लोखंडी चौकट वेल्डिंग करून घेतली, आणि दादाच्या खुब्याखाली येईल तिथे जाड फोम भरला. स्प्रिंगवाली सीट होती ती, खड्ड्यांत पाठ वाचवणारी. त्या सीटवर बसून दादा पहिल्यांदा म्हणाला की इथे दुखत नाही.

मार्च संपता संपता आम्ही तिघं चंद्रपूरला गेलो. जटपुरा गेटच्या आतल्या गल्लीत सुधाकरभाऊंचं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, एका माणसाला जेमतेम वळता येईल एवढं. दादा तिथे फोनवरून इतक्या वेळा बोलला होता की भाऊंनी त्याला आवाजावरून ओळखलं, पण आत येताना त्याचं लंगडणं बघून क्षणभर त्यांचा चेहरा बदलला. मग त्यांनी न बोलता आपली खुर्ची पुढे सरकवली. मदरबोर्ड ठरलेला होता, रॅम ठरली, एसएमपीएस दादाने हातात घेऊन वजन करून पाहिला. कीबोर्ड निवडायला सगळ्यात वेळ लागला, कारण दुखण्याच्या दिवसांत दादाची बोटं सुजायची. दुकानातल्या प्रत्येक कीबोर्डवर तो करंगळी टेकवून बघत होता की किती दाबल्यावर बटण खाली बसतं. उरलं ते कार्ड. सुधाकरभाऊंनी काउंटरवर दोन खोके ठेवले. एक मोठं, एक मधलं.

"भाऊ, मी खरं सांगतो," ते बाबांना म्हणाले. "हे मधलं न्या. याच्यावर गेम चांगला चालते आन् थंड राह्यते. खिडकी जराशी उघडी ठेवली, वर पंखा लावला, का भागलं. हे मोठं म्हणजे भट्टी हाय."

"रेडिएटर लावू ना," बाबा म्हणाले.

"लावा. पण रेडिएटर गरमी खात नाई, भाऊ, बाहेर टाकते. तुमचा डंपर उघड्यावर उभा असते. हे तं खोलीत राह्यणार. घुग्घुसात खिडकी उघडली का कोळसा आत, मशीन सहा महिन्यांत जाम. खिडकी बंद केली का गरमी आतच. मोठं घेतलं तं एसीशिवाय जमणार नाई."

"मंग एसी लावू," बाबा म्हणाले. ज्या माणसाचा सगळा जन्म इंजिन गरम होऊ न देण्यात गेला, त्याला याशिवाय दुसरं काही सुचलंच नसतं. आमच्या वस्तीत सगळ्यांचीच अक्कल अशी चालायची. धुळीसाठी खिडकी बंद करायची, आणि मग बंद खिडकीसाठी काय ते बघायचं. खोलीत माणूस बसणार आहे हे शेवटी आठवायचं.

मी म्हटलं, "आन् दादा?"

एसीच्या खोलीत दादाने दिवसभर बसायचं म्हणजे काय, हे आम्हा तिघांना माहीत होतं. थंडीने नसा आक्रसतात. एकदा नुसत्या डिसेंबरच्या पहाटे अंगणात ब्रश करत उभा राहिला म्हणून त्याला चार दिवस सलाईन लागलं होतं. सुधाकरभाऊंना हे माहीत नव्हतं, ते आमच्या तोंडाकडे बघत राहिले. दादाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या ताटातलं हिसकून घेतलं होतं. मग तो बाबांकडे वळला. तो ओरडला नाही.

"बाबा, थंडीत गेलो तं दुखते. उन्हात गेलो तं दुखते. धावलो तं दुखते. आजवरी जपूनच राह्यलो ना मी? दुखायचं थांबलं का? मले मधलं नको. माह्यं सारं मधलंच हाय. शाळा मधातच सुटली, खेळ मधातच सुटला. हे एक तरी पुरं असू द्या."

बाबांनी त्याच्याकडे पाठ केली आणि ते भिंतीवर लटकलेल्या वायरी बघायला लागले. मग तसेच पाठमोरे म्हणाले, "मोठंच बांधा, भाऊ."

मी इतकी चिडले होते की परतीच्या बसमध्ये दोघांशी बोलले नाही. मांडीवर ते खोकं घेऊन दादा खिडकीशी बसला होता आणि खड्डा आला की दोन्ही हातांनी त्याला उचलून धरत होता. माझ्या मनात येत होतं की स्वतःच्या खुब्याला याने कधी एवढं जपलं नाही. आज वयाने त्याच्या किती तरी पुढे आल्यावर मी त्याचं ते 'हे एक तरी पुरं असू द्या' परत परत मनात घोळवते. मी बाबांच्या जागी असते तर काय म्हटलं असतं? मधलं बांधा म्हटलं असतं. आणि तो मला आयुष्यभर माफ न करता, माझ्या मते सुखरूप जगला असता.

घरी आल्यावर आईने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. ती भाकरी थापत होती. "मशीनले थंडी पाह्यजे आन् लेकराले ऊब. एका खोलीत दोघं कसे राह्यतीन?" ती म्हणाली. बाबा म्हणाले, स्वेटर घालेल. आई म्हणाली, "स्वेटर! घुग्घुसात, मे महिन्यात!" आणि तिने तव्यावरची भाकरी इतक्या जोरात उलटली की ती फाटली. ती दोन दिवस बाबांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने पेटीतून लोकर काढली आणि पायमोजे विणायला बसली.

मशीन दादाने स्वतः जोडलं. जमिनीवर धुतलेली सुती चादर अंथरली, मला हात कोपरापर्यंत धुवायला लावले, आणि दार बंद केलं. मी स्क्रू द्यायची, तो बसवायचा. प्रोसेसरवर लावायचा, त्याची गरमी ओढून घेणारा लेप तुरीच्या दाण्याएवढाच टाकायचा असतो, जास्त टाकला तर वाया, हे मी अजून विसरले नाही. दुखऱ्या बोटांनी बारीक पिना लावताना तो मधेच थांबायचा, डोळे मिटून बोटं काखेत धरायचा, आणि परत सुरू. मी मदत करू का म्हटलं तर म्हणायचा, "हात लावशीन तं मार खाशीन." शेवटी बटण दाबलं. आधी काहीच झालं नाही आणि मग सगळे पंखे एकदम घुमले, काचेच्या बाजूतून निळा उजेड भिंतीवर पडला. दादा हसला. मी त्याला हसताना पुष्कळदा पाहिलं होतं, पण ते आम्हाला बरं वाटावं म्हणून हसणं असायचं. हे तसं नव्हतं. बाबा दारात उभे राहून मागच्या रेडिएटरकडे वाकून बघत होते आणि आवाजावरून म्हणाले, "बरोबर चालून राह्यली गाडी."

मग खोलीत एसी लागला, आणि मे आला. बाहेर डांबर पातळ व्हायचं, शिफ्टचे लोक तोंडाला ओलं उपरणं गुंडाळून मोटरसायकलवर जायचे, आणि आत आमचा दादा स्वेटर, माकडटोपी आणि आईने विणलेले पायमोजे घालून डंपरच्या सीटवर बसलेला. वस्तीतली पोरं नुसतं हे बघायला यायची. दार उघडलं की चेहऱ्यावर एकीकडून आग आणि एकीकडून बर्फ. आई थर्मासमध्ये कोमट पाणी भरून ठेवायची. तो घोट घ्यायचा आणि म्हणायचा, नंतर पितो. पाणी प्यायलं की उठावं लागे, संडास मागच्या अंगणात, आणि खुब्यामुळे एवढं अंतर म्हणजे त्याला शिक्षाच. खेळ सुरू असताना उठणं तर शक्यच नव्हतं. आई पेला घेऊन शेजारी उभी राहायची, तो अर्धा प्यायचा आणि अर्धा परत द्यायचा. या सगळ्यात त्याची तब्येतही चांगली होती. महिनाभर एकदाही दुखलं नाही. बाबा ड्युटीवर सगळ्यांना सांगत सुटले की पोराची टीम तिसरी फेरी जिंकली. मलाही वाटायला लागलं की मीच उगाच घाबरले, कदाचित आनंदाने रक्त पातळ होत असेल.

त्या दुपारी बाबा पहिल्या पाळीला होते. ही फेरी जिंकली की टीम पुण्याला शेवटच्या सामन्यांना जाणार होती. मी दादाच्या मागे खाटेवर गोधडी घेऊन बसले होते. खेळ रंगात आला होता, हेडफोनच्या माइकमध्ये तो हळू आवाजात पोरांना सांगत होता, डावीकडून येईल, थांब, अजून थांब. मधेच ब्लास्टिंग झालं, स्वयंपाकघरात भांडी वाजली. मग माझ्या लक्षात आलं की त्याचा डावा हात कीबोर्डवर नाही, छातीवर आहे. एका हाताने खेळतो आहे. मानेवर घाम, त्या थंडीत. मी आईला हाक मारली. आई पिठाच्या हातानेच आली, त्याचा चेहरा एकदाच पाहिला, आणि हेडफोन काढायला हात पुढे केला.

"आई," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "नको. आम्ही पाच जण हाओत. मी उठलो तं चौघंही जातीन. जरासं. माह्यं हाय हे."

मला वाटलं ती आता वायर ओढणार. ती तशीच होती, बीटसाठी पोराच्या डोक्यावर उभी राहणारी. पण तिने हात मागे घेतला. एसी बंद केला, खाटेवरची माझी गोधडी ओढून त्याच्या पाठीवर घातली, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मी पळत जाऊन ऑटोवाल्याला उठवून आणलं. परत आले तेव्हा खेळ संपला होता. हेडफोनमधून पोरांचा आरडाओरडा ऐकू येत होता, जिंकलो, जिंकलो. दादाने तो कानावरून उतरवून टेबलावर नीट ठेवला आणि म्हणाला, "चला आता."

या वेळचं दुखणं छातीत होतं. फुप्फुसाच्या नसांत पेशी अडकल्या होत्या. आधी खाणीचा दवाखाना, मग चंद्रपूर. रक्त चढवलं, ऑक्सिजन लावला. बाबा खाणीतूनच काळ्या तोंडाने आले आणि दोन दिवस त्यांनी तोंड धुतलं नाही. डॉक्टर चांगले होते, जे करायचं ते त्यांनी केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दादा गेला. कोणी कितीही विचारलं तरी मला त्या दिवसाबद्दल अजून एवढंच सांगता येतं. बाबांनी नंतर डॉक्टरांना विचारलं की एसीमुळे झालं का. डॉक्टर म्हणाले, थंडीने होतं, पाणी कमी पडल्याने होतं, आणि कधी काहीच कारण नसताना होतं. हे हिवाळ्यातही झालं असतं, झालंही नसतं. हे ऐकून बाबांचं मन काही हलकं झालं नाही.

लोकांना मात्र उत्तर सापडलं होतं. गेमने पोरगा खाल्ला. मातीला आलेले लोकही दबक्या आवाजात हेच बोलत होते, आणि तेरवीला जेवताना मोठ्याने. मला त्या सगळ्यांच्या पानातलं उष्टं त्यांच्याच डोक्यावर घालावंसं वाटत होतं. दादा जिवंत असताना यातल्या एकानेही विचारलं नव्हतं की पोरगा दिवसभर करतो काय. पण खरं सांगायचं तर माझंही मन त्या मशीनवरून उठलं होतं. त्या खोलीचं दार बंदच असायचं. बाजूने जाताना मी नजर दुसरीकडे वळवायची. मला ते मशीन घरात नको होतं आणि हे तोंडाने बोलायची हिंमत नव्हती.

बाबा ड्युटीवर जायला लागले. एक दिवस दुसऱ्या पाळीला निघायच्या आधी ते बूट घालूनच त्या खोलीत शिरले. आतून वायरी ओढल्याचा आवाज आला. मी गेले तोवर ते मशीनचं कॅबिनेट अंगणात आणून मोटरसायकलच्या मागच्या सीटवर ठेवत होते. टायरच्या ट्यूबची पट्टी काढून त्यांनी ते बांधायला सुरुवात केली.

"कुठी नेता, बाबा?"

"खदानीत." त्यांनी पट्टी दातात धरून गाठ ओढली. "चाकाखाली टाकतो. माह्याच डंपरच्या."

डंपरचं चाक माणसापेक्षा उंच असतं. न्या, असंच मला वाटत होतं. बाबांनी किक मारायला पाय वर घेतला तेव्हा आई बाहेर आली. दादा गेल्यापासून ती फार कमी बोलायची, विचारलं तेवढंच. ती गाडीसमोर येऊन उभी राहिली आणि हँडल धरलं.

"सोडा ते."

"बाजूले हो."

"नाई होत. मीच नाई म्हणत होती या मशीनले, तुम्ही दोघांनी माह्यं ऐकलं नाई. मले राग होता तुमचा. आता नाई." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसा. "त्याले रोग आपण देल्ला. गोळ्या डॉक्टरनं देल्ल्या. काय खायचं ते मी सांगितलं, कुठी बसायचं ते तुम्ही. साऱ्या जिंदगीत त्यानं सोताच्या मनानं एवढी एकच चीज पसंत केली. त्या दिवशी म्हणूनच हात मागं घेतला मी. आन् तुम्ही तिले चिरडून राह्यले?"

रस्त्यावरून पाळीचे लोक जात होते, एकाने हात केला, बाबांना दिसलं नाही. मग ते खाली उतरले, गाडी स्टँडला लावली आणि गाठ सोडायला लागले. घट्ट बसली होती. आई हँडल सोडून दादाच्या खोलीचं दार उघडायला गेली.

"वंदू," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "एका अंगानं धर. जड हाय."